अर्धी साक्ष

मॉनिकाच्या पोटात बसवलेली किडनी सप्टेंबरात बंद पडली. ती किडनी एलेनची होती. आईची मुलीला.

बोरिवलीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवले आणि सांगितलं की आता गोळ्या वाढवून काही व्हायचं नाही, पुन्हा डायलिसिसच्या मशीनवर यावं लागेल. एलेनने विचारलं, "मग ती आतली काढणार?"

"त्रास देत नसेल तर काढत नाही. राहू द्यायची."

"मेलेली?"

मॉनिकाने आईचं कोपर धरलं. "चल मम्मी. बोट निघून जाईल."

गोराईच्या धक्क्यावर ओहोटी लागली होती. चिखल उघडा पडला होता. दोघी बोटीत बाजूला बसल्या. मॉनिका सव्वीस वर्षांची, पण औषधांनी तोंड सुजून गोल झालं होतं, आणि डाव्या हाताची शीर दोरखंडासारखी फुगून वर आली होती. मशीनच्या सुया त्याच शिरेत टोचत. बोट मधोमध आली तेव्हा ती म्हणाली, "सॉरी मम्मी."

"कशाला गो?"

"तुझी होती ना. मी सांभाळली नाय."

एलेनने पाण्याकडे बघितलं. तिला रडू आलं नाही. उजव्या बरगडीखाली जिथून काढली होती तिथे ओढल्यासारखं झालं, तेवढंच.

त्या संध्याकाळी तिने देव्हाऱ्यातल्या मारियामातेपुढे मेणबत्ती लावली, गुडघे टेकले, हातात जपमाळ घेतली. या घरात रोजची रोजरी तीच सांगायची. मॉनिका मागून म्हणायची आणि जॉनी, एलेनचा नवरा, बाहेर पायरीवर बिडी ओढत बसायचा. तो देवळात नाताळला आणि मयताला जायचा, आणि तेव्हाही कंपाउंडच्या भिंतीजवळ उभा राहायचा. एलेनने पहिला मणी धरला. मग उठली, म्हणाली, "भाताला पाणी कमी पडलं वाटतं," आणि स्वयंपाकघरात गेली. ती परत आली नाही. दुसऱ्या दिवशीही तिने मेणबत्ती लावली, पण गुडघे टेकले नाहीत. जॉनीने पायरीवरून दोनदा आत वळून बघितलं.

आठवड्याभराने पाऊस पुन्हा फिरला. जाता जाता असा आला की पिकलेलं भात खाचरात आडवं झालं. लोंब्या पाण्यात. आणखी थोडे दिवस तसंच राहिलं असतं तर दाण्याला मोड फुटले असते. गावात भात लावणारी घरंच हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. मजूर मिळाला तर तो रिसॉर्टच्या कामाला जायचा, चिखलात कोण उतरणार? तेव्हा जॉनी आणि एलेन दोघंच उतरली. उभं भात एका मुठीत येतं, पडलेलं येत नाही. आधी डाव्या हाताने उचलायचं, झटकायचं, मग विळा लावायचा. पोटऱ्यांपर्यंत चिखल, वर ऊन, पाठीला घामाने चिकटलेला कपडा. वाकलं की एलेनच्या बरगडीखाली कळ यायची. ती गुडघ्यावर बसून कापायची, तसं कापलं की कळ कमी.

"तू वर जा," जॉनी म्हणायचा. "मी कापतो."

"तू कापशील नाताळपर्यंत."

मॉनिका मशीनवरून आली की दिवसभर पडून असायची. जिभेला चव नाही, पाय जड. मधल्या दिवशी थोडी बरी असायची, तेव्हा ती ओट्यावर बसून ओल्या पेंढ्या उलट्या-सुलट्या करायची. जॉनी ओरडायचा, ती ऐकायची नाही.

कापणी अर्धी झाली होती तेव्हा वॉरेन ब्रदर आला. बोरिवलीतल्या प्रार्थना-मंडळाचा तो प्रमुख. फादर नव्हे, बँकेत नोकरी करणारा माणूस, पण सगळे त्याला ब्रदर म्हणत. मॉनिकाच्या ऑपरेशनच्या वेळी त्याने रक्त दिलं होतं, ते एलेन विसरली नव्हती. आणि त्यानेच तिला साक्ष द्यायला उभं केलं होतं. बोरिवलीच्या मैदानात मोठा मांडव, पुढे शेकडो माणसं. एलेनने माईक धरून सांगितलं होतं की तीन वर्षं माझी मुलगी मशीनवर होती, आम्ही नऊ दिवसांची प्रार्थना केली, आणि देवाने मला माझी मुलगी परत दिली. लोक रडले होते. ती स्वतःही रडली होती. ते मोबाईलवर घेतलेलं अजून फिरत होतं.

वॉरेन बांधावर उभा राहिला. बुटांना चिखल लागू नये म्हणून एका दगडावर दोन्ही पाय ठेवून. "सिस्टर, मला कळलं," तो म्हणाला.

"हो ब्रदर."

"हार मानायची नाही. देवाचं काम अजून संपलेलं नाही." तो थोडा थांबला. "एक विचारतो, रागावू नका. मधल्या काळात मनात कुठे शंका आली होती का? कधीकधी तेवढ्यानेही कृपा अडते."

एलेन विळा हातात धरून तशीच गुडघ्यावर बसली होती. ती खरंच आठवायला लागली. स्वतःच्या आत कोपऱ्याकोपऱ्यात बघितल्यासारखी. "मे महिन्यात मॉनिकाला ताप चढला," ती हळू म्हणाली. "तेव्हा मी आधी डॉक्टरला फोन केला. प्रार्थना नंतर केली."

जॉनी कंबर सरळ करून उभा राहिला. त्याच्या दोन्ही हातांना रक्ताचे बारीक ओरखडे होते. "ब्रदर, शंका माझ्याकडे हाय. लग्नाआधीपासून हाय. माझी किडनी तपासली, जुळली नाय, म्हणून हिची घेतली. विश्वासवालीची घेतली. ती पण गेली. मग आता?"

वॉरेनचं तोंड लाल झालं. "जॉनीभाऊ, मी तसं म्हणत नव्हतो."

"मग कसं म्हणत होता?"

वॉरेनने रुमालाने मान पुसली. "फक्त एवढंच," तो शेवटी म्हणाला, "लोकांना एवढ्यात सांगू नका. तुमचा व्हिडिओ बघून खूप जणांना आधार मिळतोय. त्यांचा आधार कशाला काढायचा?" मग काय वाटलं कुणास ठाऊक, तो दगडावरून खाली उतरला, बुटासकट चिखलात, एक भारा दोन्ही हातांनी कसाबसा छातीशी धरून बांधावर आणून ठेवला, आणि गेला. त्याच्या पांढऱ्या शर्टावर छातीभर चिखल होता.

त्या दिवशी जेवताना जॉनीने विचारलं, "त्या मैदानात तू तुझ्या किडनीचं का नाय बोललीस? मी तेव्हा पण विचारणार होतो."

"देवापुढे उभं राहून आपलं मोठेपण काय सांगायचं?" एलेन म्हणाली. "गावाला ठाऊकच हाय."

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा. नव्या भाताचा सण. भाताची पहिली पेंढी बँड वाजवत देवळात नेतात, फादर तिला आशीर्वाद देतात, मग लोंब्या घरोघर वाटल्या जातात. बरीच वर्षं ही पेंढी जॉनीच्या शेतातून जायची, आणि ती एलेन न्यायची. यंदा फादरनी माणूस पाठवून विचारलं तेव्हा ती हो म्हणाली. नाही म्हणायला काय कारण सांगणार?

रविवारी सकाळी जॉनी ओट्यावर पेंढी बांधत होता. एलेनने लुगडं नेसलं होतं, सणाचं लाल, आणि केसांत फुलं माळायची की नाही हे ठरत नव्हतं. तेवढ्यात अंगणात एक बाई आली. तिशी-पस्तिशीची, ड्रेस चुरगळलेला, चेहरा झोप न झालेला. पहिल्या बोटीने आली असावी.

"तुम्हीच ना त्या व्हिडिओतल्या आंटी?" तिने विचारलं. "मी सिल्वी. कालिन्याहून आले, सांताक्रूझवरून. माझं माहेर मनोरीला, तिथून तुमचं घर विचारलं."

एलेनने तिला बसवलं, पाणी दिलं. सिल्वी पाणी प्यायली नाही, पेला हातातच धरून बसली.

"माझा नवरा रॉकी. दोन वर्षं डायलिसिसवर हाय. आता त्याने सोडलं. म्हणतो, त्या आंटीच्या मुलीला देवाने बरं केलं, मला पण करेल. या आठवड्यात एकदाही गेला नाय. मी सांगते तर म्हणतो, तुझा विश्वास कच्चा हाय." ती घाईघाईने बोलत होती. "मला फक्त एवढं सांगा आंटी, तुमच्या मुलीने मशीन सोडल्यावर तिला बरं वाटायला किती दिवस लागले? म्हणजे मी तेवढे दिवस धीर धरीन."

जॉनीचा दोरी ओढणारा हात थांबला.

"मशीन?" एलेन म्हणाली. "माझ्या मुलीने मशीन कधी सोडली नाय. ऑपरेशनच्या सकाळपर्यंत मशीनवर होती."

"कसलं ऑपरेशन?"

"मी किडनी दिली तिला."

सिल्वीने तिच्याकडे बघितलं, मग जॉनीकडे, मग पुन्हा तिच्याकडे. "व्हिडिओत नाय ते."

"नाय. मी बोलले नाय."

"का?"

दारातून मॉनिका बाहेर आली. डाव्या हातावर कालच्या सुयांची पट्टी होती, तो हात तिने पुढे धरला. "आणि ती किडनी पण गेली," ती म्हणाली. "काल मी मशीनवर होते. उद्याच्याला परत जायचंय."

सिल्वी उठून उभी राहिली. पेल्यातलं पाणी तिच्या ड्रेसवर सांडलं. "आंटी, माझा नवरा आडवा होऊ शकत नाय. रात्रभर बसून श्वास घेतो. पायाला बोट लावलं तर खड्डा पडतो. आणि तुम्ही बोलला नाय?" तिचा आवाज चढला, शेजारच्या घरातलं कोणी तरी खिडकीशी आलं. "देवाचं नाव घेऊन अर्धंच बोललात?"

"हो," एलेन म्हणाली.

"मग चला. माझं ऐकत नाय तो. तुम्ही सांगा."

"आज आगेरा..." एलेनच्या तोंडून सवयीने निघालं. निघालं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

"पेंढी डॅडी नेतील," मॉनिका म्हणाली.

"मी?" जॉनी दचकला. "मला उभं कधी राहायचं नि बसायचं कधी ते पण आठवत नाय."

"पुढच्या माणसाकडे बघायचं, डॅडी."

एलेन लाल लुगड्यातच निघाली.

रॉकीचं घर कालिन्याच्या जुन्या गावठाणात, एका अरुंद बोळात होतं. तो खुर्चीत बसून समोरच्या टेबलावर उशी ठेवून तिच्यावर ओणवा झाला होता. थोराड हाडाचा माणूस, विमानतळावर सामान चढवायचं काम केलेला. आता डोळ्यांच्या पापण्याही सुजलेल्या. तोंडाला लघवीसारखा वास येत होता. एलेनला तो वास ओळखीचा होता. उशीशेजारी मोबाईल होता आणि त्यातून तिचाच आवाज येत होता, "देवाने मला माझी मुलगी परत दिली." स्वतःचा आवाज इतका गोड असतो हे तिला माहीत नव्हतं.

रॉकीने तिला बघितलं आणि त्याचे डोळे भरले. "आंटी, मला ठाऊक होतं, देव कोणाला तरी पाठवेल."

"मोबाईल बंद कर," एलेन म्हणाली.

तिने उभ्या उभ्याच सांगितलं. मशीन, ऑपरेशन, किडनी, सप्टेंबरातला रिपोर्ट. मध्येच छपरावरून विमान गेलं, ते जाईपर्यंत थांबावं लागलं. मग उरलेलं सांगितलं.

रॉकी दम घेत घेत बोलला. "तुमच्या मनात शंका आली असेल. म्हणून गेली."

"आली. आता तर लय हाय. मी महिनाभर प्रार्थना पण केली नाय." एलेन त्याच्या उशीजवळ सरकली. "पण किडनी गेली तेव्हा शंका नव्हती रे. तेव्हा मी रोज रोजरी सांगत होते. तरी गेली."

"खोटं. मला मशीनवर पाठवायला बोलताय."

एलेनने सिल्वीकडे बघितलं. मग पदर बाजूला केला, लुगड्याची कड खाली सरकवली आणि कूस उघडी केली. परक्या पुरुषापुढे, भर दिवसा. बरगडीखालून मागे गेलेला व्रण, अजून जांभळट. "हात लाव," ती म्हणाली.

रॉकीने आपलं सुजलेलं बोट पुढे केलं. व्रणाला टेकवलं. बराच वेळ ते तिथेच होतं. मग त्याने हात मागे घेतला आणि उशीत तोंड घातलं. त्याचे खांदे हलायला लागले.

"विश्वास-बिश्वास नंतर आला आंटी," तो उशीतच म्हणाला. "माझ्या बाजूच्या खुर्चीवर एक मुकुल म्हणून होता. रोज मस्करी करायचा. तो बसल्या बसल्या गेला. मशीन चालूच होती. मला त्या खुर्चीत मरायचं नाय. म्हणून सोडलं. मग तुमचा व्हिडिओ बघितला."

सिल्वी भिंतीला टेकून उभी होती. तिने तोंडावर हात ठेवला. हे तिला त्याने कधी सांगितलं नव्हतं.

एलेनने पदर सावरला. "मी बसते बाजूला," ती म्हणाली. "चल."

रविवार असल्यामुळे त्याचं नेहमीचं केंद्र बंद होतं. जवळच्या इस्पितळात तातडीच्या विभागात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या पायावर बोट दाबून बघितलं आणि सिल्वीलाच झापलं, "इतके दिवस काय करत होता तुम्ही?" सिल्वीने ऐकून घेतलं. नवऱ्यानेच मशीन सोडली होती, हे सांगितलं नाही. ऑक्सिजन लावला, मशीन लागली. नातेवाइकांनी बाहेर थांबावं, असं नर्स म्हणाली, पण रॉकीने एलेनच्या लुगड्याचं टोक मुठीत धरून ठेवलं होतं. नर्सने ते बघितलं आणि स्टूल सरकवून दिलं.

सुया गेल्या. नळीतून रक्त काळपट होऊन बाहेर निघालं. रॉकीने डोळे मिटले. "आंटी, बोला काहीतरी. देवाशी."

एलेनने नमो मारिया म्हणायला तोंड उघडलं. लहानपणापासून म्हटलेली प्रार्थना, झोपेतही येणारी. पहिले दोन शब्द आले आणि जीभ अडली. पुढचे शब्द आठवत नव्हते असं नाही. म्हणवत नव्हते. आपण हे म्हटलं तर परत मैदानातल्यासारखंच होईल, असं तिला वाटलं. मशीनचा आवाज येत होता. रॉकी वाट बघत होता.

"देवा," ती शेवटी म्हणाली, घरात बोलावं तशा आवाजात, "मी एलेन. माझी पोरगी तू परत दिलीस असं मी तुझ्या नावाने सांगितलं. मग ती किडनी तू का नेलीस ते मला कळत नाय. माझा राग गेलेला नाय. तू हायस की नाय ते पण कधी कधी कळत नाय. तुझ्याशिवाय दुसरं कोणाला विचारू, ते पण कळत नाय. आमचं ते राहू दे. नंतर बघू. आता हा माणूस घाबरलाय. याच्याजवळ बस. मी जाईन घरी, तू जाऊ नकोस."

तिने रॉकीच्या मुठीवर हात ठेवला.

"आमेन," रॉकी म्हणाला. नळीवरून नजर न काढता नर्सही काहीतरी पुटपुटली. रॉकीच्या मुठीतलं लुगडं हळूहळू सैल झालं. त्याला झोप लागली होती, किती दिवसांनी कोण जाणे, मान मागे टाकून.

बाहेर सिल्वी चहाचे दोन कप घेऊन उभी होती. एक तिने एलेनच्या हातात दिला. सकाळचा राग तिच्या चेहऱ्यावरून गेला नव्हता, पण आता तो थकलेला होता. "पुढे काय होईल आंटी?"

"आज पाणी उतरेल. श्वास घेईल नीट. पुढचं मला ठाऊक नाय," एलेन म्हणाली. "आणि तो व्हिडिओ ज्याने ज्याने पाठवला त्यांचे नंबर मला दे. मी एकेकाला फोन करते."

घरी यायला संध्याकाळ झाली. त्याआधी तिने धक्क्यावरून वॉरेनला फोन केला होता. रॉकीचं सांगितलं, आणि मी सगळ्यांना सांगणार, ब्रदर, असं म्हणाली. मग तो म्हणाला, "तुम्ही परत बोला सिस्टर. पूर्ण. मी उभा राहतो बाजूला." त्याच्या आवाजात आनंद नव्हता, पण त्याने फोन ठेवला नाही, रॉकीचा पत्ता विचारला.

अंगणात जॉनी इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर करून पेंढ्या आत नेत होता. आकाश भरून आलं होतं. एलेनने पदर खोचला आणि एक पेंढी उचलली.

"कसं झालं देवळात?" तिने विचारलं.

"सगळे उभे राहिले तेव्हा मी बसलो," जॉनी म्हणाला. "फादरनी विचारलं, एलेन कुठे? मी म्हटलं, एका माणसाला मशीनवर बसवायला गेलीय. त्यांनी मग सगळ्यांना त्याच्यासाठी प्रार्थना करायला लावली. नाव ठाऊक नव्हतं, नुसतं तो माणूस म्हणाले."

"रॉकी."

"रॉकी." जॉनीने मान हलवली. "मी पण केली. म्हणजे, बाकीचे करत होते तेव्हा गप्प उभा राहिलो."

मॉनिका ओट्यावर बसून त्यांच्याकडून पेंढ्या घेत भिंतीशी रचत होती. एक हात बाजूला ठेवून, एकाच हाताने. "वाचला ना तो?"

"आजच्यापुरता."

"आणि तू प्रार्थना केलीस?"

"केली."

"काय म्हणालीस?"

एलेन पायरीवर टेकली. दिवसभरात पहिल्यांदा तिला जाणवलं की बरगडीखाली दुखतंय. "भांडले," ती म्हणाली.

मॉनिका हसली. तिच्या सुजलेल्या गालांवर हसू पसरायला जागा कमी होती, पण पसरलं. वाऱ्याने अंगणातला पेंढा उडवला, आणि जॉनी शेवटच्या दोन पेंढ्या काखेत मारून धावत आला.

"उद्या पहिल्या बोटीने जायचंय," मॉनिका म्हणाली. "उद्या माझ्यासाठी पण भांड."